मार्क्विसांना एकदाचं लागलं

आमच्या तरुणपणी नेपल्समध्ये ज्याला तलवारीचे हात येत नसत, त्याला भल्या घरी कुणी जेवायला बोलवत नसे. मारामारीशी या खेळाचा काडीचा संबंध नव्हता. रेशमी पायमोजे, बोथट तलवार, तिच्या टोकाला बोंड. आणि रीत एकच: ज्याला वार बसला, त्यानेच छातीवर हात ठेवून म्हणायचं, “लागलं!” दुसऱ्याने ते म्हणणं म्हणजे त्याला लबाड ठरवणं.

मार्क्विस डॉन आस्कानियोंना मी अठरा वर्षं शिकवलं. तेवढ्या काळात त्यांना एकदाही लागलं नाही. म्हणजे वार रोज बसायचे, पण ते म्हणायचे नाहीत. त्याच जोरावर त्यांनी भर मेजवानीत शपथ घेतली, “ज्याच्या तलवारीने मला लागेल, एर्मेलिंदाचा हात त्याच्याच हाती!”

एर्मेलिंदा त्यांची एकुलती एक लेक. तिचा जीव लिबोरियोवर, त्याचा तिच्यावर. पोरगा चांगल्या घरचा आणि चपळ. त्याने एका सकाळी सतरा वार बसवले. मार्क्विस म्हणाले, “वारा बरा सुटलाय आज.”

दुसऱ्या दिवशी त्याने बोंड शाईत बुडवून आणलं. पांढऱ्या कोटावर तेवीस ठिपके उठले.

“सरकार, हे काय?” मी विचारलं.

“नक्षी आहे, वस्ताद. तुम्हाला काय कळणार!”

खोटं असेल तर व्हेसुव्हियस माझ्या विगवर फुटो, पण आठवड्याच्या आत झाडून सारे उमराव ठिपक्यांचे कोट घालून हिंडू लागले. बिशपांनीसुद्धा झग्यावर चार ठिपके काढून घेतले.

लिबोरियो रडकुंडीला आला. एर्मेलिंदा मात्र खिडकीतून ते कोट बघत होती.

“वस्ताद, पप्पांना तलवार टोचत नाही, फॅशन टोचते. पॅरिसहून पत्र आलंय म्हणून सांगा.”

मी सांगितलं, “सरकार, तिकडे आता जिंकणाऱ्याला कुणी विचारत नाही. जो झोकात ‘लागलं’ म्हणेल, तो खरा खानदानी.”

मार्क्विस तीन दिवस आरशासमोरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी तीनशे पाहुणे जमले. लिबोरियो तलवार घेऊन पुढे येतोय, तोच न्हाव्याचा कंगवा मार्क्विसांच्या मानेला घासला.

“लागलं!”

टाळ्यांचा कडकडाट. मग काय! आचाऱ्याचा झारा, “लागलं!” पाद्रीबाबांचं पोट, “लागलं!” ताटातल्या टर्कीची तंगडी, “लागलं!” दुपारपर्यंत एर्मेलिंदाला एकेचाळीस नवरे झाले, त्यातला एक भाजलेला.

“सरकार, मला माफ करा,” न्हावी हात जोडून म्हणाला, “माझी बायको मला जिवंत सोडायची नाही!”

लिबोरियो पांढराफटक. एर्मेलिंदाने त्याच्या हातातली तलवार काढून घेतली आणि बोंड बापाच्या छातीवर टेकवलं.

“लागलं!” त्या दिवसातलं सगळ्यात देखणं. बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले.

“पप्पा, शपथ तलवारीची होती. कंगवा, झारा, तंगडी यांना तलवार म्हणत नाहीत. तलवारीने फक्त मीच टोचलंय. तेव्हा माझा हात माझ्याच हाती.”

“अगं पण…”

“मग लागलं नाही म्हणता?”

मार्क्विसांनी पाहुण्यांकडे पाहिलं. टाळ्या अजून चालूच होत्या. मागे घेता येईना, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसंही वाटेना.

एर्मेलिंदाने मग स्वतःचा हात आपण होऊन लिबोरियोपुढे केला. पोरगा शहाणा निघाला. आज तीस वर्षं झाली, रोज सकाळी गरम चॉकलेटचा पहिला घोट घेण्याआधी तो छातीवर हात ठेवतो आणि कारण न विचारता “लागलं” म्हणून टाकतो.