भोंग्याची ओळ

कचेरीत तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. ती यंत्रांच्या आतले ड्रायव्हर, म्हणजे त्यांचे भाग चालवणाऱ्या आज्ञा, लिहायची. सासरची निम्मी माणसं मात्र अजून विचारायची, बस कुठल्या मार्गावर असते म्हणून.

काम तसं सोपं. शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपात एक छोटा संगणक असतो. त्याच्या कर्नलला, म्हणजे आतल्या कारभाऱ्याला, ना डोळे ना कान. बोर्डावर मोटर कुठे, दिवा कुठे, भोंगा कुठे, हे त्याला एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. लिहिलेलं सगळं त्याला वेदवाक्य. असा गुणी नोकर साहेबांना माणसांत कधी मिळाला नव्हता.

आता भोंगा. चाचणीतल्या पीं-पींमुळे साहेबांचं डोकं दुखायचं, म्हणून बोर्डावर डाग देऊन भाग जोडणाऱ्या सोल्डरकाकांनी तत्परतेने नमुन्याच्या बोर्डावरचा भोंगाच उपटला. साहेबांना आराम पडला. पुढे तोच नमुना कारखान्यात गेला आणि कारखान्याने इमानेइतबारे सगळे पंप बिनभोंग्याचे बनवून पाठवले. फाइलीत भोंगा होता तसाच होता. कर्नल रिकाम्या जागेत वीज सोडायचा आणि कळवायचा, ‘भोंगा वाजला’. चाचण्या शंभर टक्के पास.

ड्रायव्हरबाईला हे कळलं ते पंप रुग्णालयात निघायच्या दिवशी, शेवटची फाइल चढवताना एकाचं झाकण उघडलं तेव्हा. तिची नणंद अतिदक्षता विभागात परिचारिका होती. एका रोग्याकडे वळलं की दुसऱ्याकडे पाठ होते, मग सगळी भिस्त कानांवर. औषध संपलं आणि पंप गप्प राहिला तर माणूस जाईल, इतकं ते सरळ होतं.

तिने फाइलीतली भोंग्याची ओळ काढली आणि ती फाइल निघणाऱ्या सगळ्या पंपांत चढवली. भोंगा नसेल तर सुरूच व्हायचं नाही, असा पंपाचा नियम. एकही सुरू होईना. साहेब धावत आले.

“चालती यंत्रं बिघडवलीस? ती ओळ परत टाक.”

“साहेब, भोंगा नाहीये.”

“वाजला म्हणून स्क्रीनवर येत होतं ना?”

“मी लिहिलं म्हणून येत होतं. हत्ती आहे असं लिहिलं असतं तर त्याने तेही मानलं असतं.”

चाचणीसाठी मागे ठेवलेला, जुनी फाइल असलेला एक पंप टेबलावर होता. साहेबांनी तो पुढे ओढला, चाचणीचं बटण दाबलं आणि कान लावला. स्क्रीनवर आलं, ‘भोंगा वाजला’. खोलीत चिडीचूप.

साहेबांनी सोल्डरकाकांकडे पाहिलं. काका आयुष्यभर मान डोलवून टिकलेले.

“आला साहेब,” काका म्हणाले. “बारीकसा, पण आला.”

तिने कीबोर्ड काकांपुढे सरकवला. “मग तुम्हीच टाका ओळ. कुणी टाकली त्याचं नाव फाइलीला कायमचं चिकटतं, तेवढं बघून घ्या.”

काकांना एकाएकी खालच्या मजल्यावरचं काम आठवलं. मग तिने कीबोर्ड साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि रुग्णालयाला फोन लावला.

“पंप आज येत नाहीत,” ते म्हणाले. “भोंग्यात खोट आहे. मी स्वतः कान लावून पकडली. इथे सगळे म्हणत होते वाजतोय, पण दर्जाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.”