वाचणाऱ्याला घाई करायची नाही

भिंगारमध्ये शोभाताईंच्या ओसरीवर दर रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ रिकामटेकडी म्हातारी माणसं जमायचो आणि सध्या कोण काय वाचतंय ते एकमेकांना सांगायचो. शोभाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे वही त्यांच्याकडे: कुणाकडे कुठलं पुस्तक आणि त्यानंतर कुणाचा नंबर. पुस्तकं सगळ्यांची मिळून, प्रत एकेकच. नियम मात्र मी घालून दिलेला. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस मंडळात असताना नियम दुसरं कोण घालणार? वाचणाऱ्याला घाई करायची नाही, हा तो नियम. कुणी ‘चालू आहे’ म्हणालं की विषय तिथंच संपला.

गणपतीच्या दिवसांत शोभाताईंनी रद्दीवाल्याकडून एक जाडजूड पुस्तक उचलून आणलं. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूच्या एका गावात नोकरी केलेल्या एका प्राथमिक शिक्षकाच्या आठवणी. चारशे पानं, आणि आता कुठं विकत मिळत नाही. एडविनभाऊंनी लगेच हात पुढे केला. हे लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते; माणूस अबोल, कधी काही मागायचे नाहीत.

“आमचे बाबा त्याच गावात मास्तर हुते, सर. मिशनच्या शाळंत. योसेफ मास्तर. मी धाकटा, चार वर्षांचा असताना ते गेले. फोटोसुद्धा न्हाई घरात. त्यात त्यांचं काय लिवलं असंल तर बघायचंय.”

“आधी मी बघतो,” मी म्हणालो. “भाषा कशी आहे ते तरी कळू दे.” आणि पुस्तक पिशवीत टाकलं. वहीत माझं नाव लागलं, त्याखाली त्यांचं.

आता खरं सांगतो. निवृत्तीनंतर माझं वाचन पार बंद पडलं होतं. पुस्तक उघडायचं, दोन पानं झाली की हात आपोआप मोबाईलकडे जायचा. हे मी घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं. आयुष्यभर पोरांना ‘वाचा रे, वाचा’ म्हणून पिडलं, त्या माणसानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून दर रविवारी मलपृष्ठावरच्या मजकुरावरून चार वाक्यं जुळवायचो. शैली संयत आहे, निरीक्षण बारीक आहे. सगळे माना डोलवायचे. पुस्तकात विजेचं बिल खूण म्हणून घातलं होतं, ते अकराव्या पानावरून हललं नव्हतं.

एडविनभाऊंनी नियम पाळला. घाई केली नाही. दिवाळीच्या रविवारी मात्र चिवडा खाता खाता त्यांनी विचारलं, “कुठवर आलं, सर?”

“दोनशे पानं झाली.”

“बाबांचं काय आलं का?”

“अजून नाही. येईल पुढं.”

“न्हाई, डॉक्टर म्हनले, काय वाचायचं ते आत्ताच वाचून घ्या. काचबिंदू हाय ना.”

“अहो, आपल्या वयाला डॉक्टर सगळ्यांनाच असं घाबरवतात,” मी म्हणालो. मंडळी हसली. तेही हसले. त्यांचा एक डोळा आधीच गेलाय, हे मला माहीत होतं. तरी मी हसलो, याची आज शरम वाटते. तेव्हाच पुस्तक त्यांच्या हातात द्यायला हवं होतं. पण दिलं असतं तर कुणीतरी शेवट कसा वाटला म्हणून विचारलं असतं. एवढ्याशा प्रश्नाला मी घाबरलो.

जानेवारीपासून ते यायचे बंद झाले. थंडी आहे, असं आम्ही धरून चाललो. मार्चमध्ये शोभाताईंचा फोन आला. “शामकांतराव, एडविनभाऊंना आता अक्षर दिसत नाही. दुसराही डोळा गेल्यातच जमा आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या लेकीनं, सारानं उघडलं. ती नर्स आहे, ड्युटीवर निघाली होती. एडविनभाऊ खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. माझा आवाज ऐकून उठायला लागले.

“सर! पुस्तक झालं?”

“आणलंय,” मी म्हणालो. “वाचूनच दाखवतो.”

“मग पहिल्यापासनं वाचा. पन तुमचं वाचून झालेलं, तुमाला कंटाळा यायचा.”

“नाही येणार,” मी म्हणालो. या पुस्तकाच्या वाचनाबद्दल मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

विजेचं बिल काढून खिशात घातलं आणि वाचायला लागलो. वाचता वाचता माझी नजर तोंडाच्या दोन ओळी पुढे असते, ही वर्गातली सवय. तेविसाव्या पानावर ती योसेफ मास्तर या नावावर जाऊन आदळली आणि माझी जीभ अडखळली. एक परिच्छेद गाळला असता तर त्यांना काय कळणार होतं? धड्यातल्या नको त्या ओळी मी जन्मभर सफाईनं गाळल्या होत्या. एडविनभाऊ मान तिरकी करून ऐकत होते. मी वाचलं.

“मी रुजू झालो तेव्हा शाळेत योसेफ मास्तर होते. ओढ्याला पाणी आलं की ते पोरांना एकेक करून खांद्यावरून पलीकडे सोडत. स्वतःच्या धाकट्याला मात्र सगळ्यांत शेवटी नेत. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, तो रडत नाही, थांबतो.”

एडविनभाऊंनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. “परत वाचा,” म्हणाले. मी परत वाचलं.

“कितवं पान हे?”

“तेवीस.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

“एडविनभाऊ,” मी म्हणालो, “मी हे पुस्तक वाचलंच नाही. अकरा पानांपुढं गेलोच नव्हतो. दोनशे म्हणालो ती थाप होती. चुकलं माझं.”

“मग द्यायचं ना, सर,” ते म्हणाले.

मी रोज सकाळी येऊन वाचतो म्हणालो, सगळं पुस्तक वाचतो म्हणालो. ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. “बाबांचं नाव कुठं हाय? माजं बोट ठिवा त्याच्यावर.”

मी त्यांचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. कागदावर ते हळूहळू फिरवत राहिले, ओळ सुटली तरी.

“दिवाळीत मला दिसत हुतं,” ते म्हणाले.