बशी धरलेला हात

गार्गीने फोनवर स्वतःचाच एक फोटो उघडला, कुठेतरी बोट दाबलं, आणि तिचे गोरेपान गाल पुन्हा सावळे झाले. हनुवटीवरची पुटकुळीसुद्धा परत आली.

"पाहिलं आजी? कितीही रंगरंगोटी करा, मूळ फोटो खाली तसाच राहते. मनात आलं की परत आणायचा."

मी निवडत असलेली मेथी बाजूला सारली.

"मग आबांचा आण ना परत."

माझी नात दिवाळीसाठी पुण्याहून आली होती. आल्यापासून तोंडाला विसावा नव्हता तिच्या. त्या एका वाक्यावर तिने फोन मांडीवर उलटा ठेवला.

लकडगंजला आमचा फोटो स्टुडिओ होता, एकोणचाळीस वर्षं. हे तिथे निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करत. सुरकुत्या भरायच्या, देवीचे व्रण बुजवायचे. लग्नाच्या मुलींचे फोटो तर फारच. एका मुलीच्या गालावर मोठा तीळ होता. स्थळांना पाठवायचा फोटो म्हणून तिच्या आईने तो घालवायला सांगितला आणि ह्यांनी घालवला. अकरा वर्षांनी तीच बाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. मुलगी बाळंतपणात गेली होती. "तिळाचा फोटो द्या हो," एवढंच म्हणत राहिली. ह्यांनी त्या निगेटिव्हचं पाकीट शोधून काढलं, टर्पेंटाइनचा बोळा निगेटिव्हवरून हलक्या हाताने फिरवला. पेन्सिल निघाली, तीळ परत आला. त्या पाकिटावरचा नंबर माझ्या अक्षरातला होता. पाकिटं लावून ठेवायचं काम माझंच होतं.

"आपल्याले पुसता येईल तेवढंच रंगवायचं, सिंधू," हे नेहमी म्हणत.

एवढी वर्षं हे ऐकूनही जे करायचं नाही तेच मी केलं.

ह्यांचा शेवटचा फोटो गार्गीनेच काढला होता. धंतोलीच्या दवाखान्यातून घरी, बेशाच्या फ्लॅटमध्ये आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. नाकात ऑक्सिजनची नळी. मी चहा घेऊन गेले होते. साखर डॉक्टरांनी बंद केलेली, पण मी चोरून अर्धा चमचा टाकायची. गार्गी "आबा, इकडे पाहा" म्हणत होती आणि हे मान वळवून माझ्याकडे पाहत होते. टाकली काय वं, असं डोळ्यांनीच विचारत होते. फोटोत मी नव्हते. फक्त बशी धरलेला माझा हात, बांगड्यांपर्यंत.

त्यानंतर बाराव्या दिवशी हे गेले.

तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. अलीकडचा चांगला असा तोच. गार्गीने नळी काढली, आणि डोळे समोर वळवले. तेही होतं म्हणे आता. तेवढ्यात शेजारच्या चारुशीलाबाई म्हणाल्या, "काकू, हाराच्या फोटोत जित्या माणसाचा हात? असं ठेवत नसतेत." मग हातही गेला.

गार्गीने तेव्हा मला विचारलं होतं. "आजी, आता दोन झाले. पहिला राहू देऊ?"

"काढून टाक," मी म्हणाले. "हात दिसते त्यात. घरात असा फोटोच नको."

मरणाची भीती नव्हती मला. ती नळी पाहवत नव्हती. चारुशीलाबाईंचं बोलणं मला निमित्ताला बरं सापडलं.

"पण आता तर तू म्हणाली, खाली तसाच राहते," मी गार्गीला म्हटलं.

"त्याच ॲपमध्ये केलं तर राहते, आजी. डोळ्यांसाठी मी त्याची कॉपी दुसऱ्या ॲपमध्ये नेली होती. तो वेगळाच फोटो झाला. त्याच्याखाली काहीच नाही. मूळ होता तो आपण काढून टाकला."

"कचऱ्याच्या डब्यात असंल. तू मागे दाखवला होता तो डबा."

"तिथं महिनाभर राहते फक्त. आठ महिने झाले."

"अन् लॅपटॉपवर?"

"एकीकडून काढला की सगळीकडून जाते." तिने फोन पुन्हा उचलला. "मी तरी काहून ऐकलं गं तुझं?"

तरी तिने संध्याकाळपर्यंत शोधलं. नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये, माझा मुलगा अश्विन याच्या फोनमध्ये, जुन्या मेलमध्ये. जिथे तिथे तोच समोर पाहणारा फोटो. सगळ्यांना आम्ही तोच पाठवला होता.

हॉलमध्ये टीव्हीच्या वर तो लावला आहे. येणारे म्हणतात, कुठेही बसा, भाऊ आपल्याकडेच पाहतात. मी कितीदा तरी त्या दिवशी उभी होते तशी त्या बाजूला उभी राहून पाहिलं. मला साखरेचं विचारणारं त्यात कोणी नाही.

रात्रीच्या जेवणाआधी चष्मा पुसायला काढला तेव्हा लक्षात आलं. चष्म्याशिवाय मला त्या फोटोतले डोळे दिसत नाहीत. धूसर चेहरा दिसतो, आणि वळलेली मान. डोळे फिरवले, पण मान तशीच राहून गेली होती. आता ती गॅलरीकडे वळलेली होती.

"अश्विन, तो फोटो काढ तिथून. या भिंतीवर लाव."

"आई, तिथं कोपऱ्यात? येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसणार नाही."

"मले दिसते. बस झालं."

कुरकुरत त्याने ड्रिल आणलं. गार्गीने फोटो धरला, मी सांगत गेले, थोडा इकडे, अजून थोडा. ह्यांची मान स्वयंपाकघराच्या दाराकडे झाली तेव्हा थांबवलं.

सकाळी चहा घेऊन दारातून बाहेर येते, तेव्हा आता चष्मा ओट्यावर ठेवून येते. साखर अर्धा चमचा टाकते. मला चालत नाही, तरी.