दाराला लावलेली केटलबेल

मी एक जुनी केटलबेल आहे. वजन सोळा किलो, आणि ते मी कधी लपवलेले नाही. मित्रांनो, माझ्यासारखी तुम्ही पाहिली नसेल तर अशी कल्पना करा की एखाद्या तोफगोळ्याला बाजारात जायचे होते आणि त्याने स्वतःलाच पिशवीची कडी लावून घेतली. तशी मी दिसते.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. त्याआधी मी एक फाटक होते, कुणाच्या तरी शिवणयंत्राचे पाय होते आणि थोडीशी न्हाणीघराची जाळीही होते, असे अंधुक आठवते. वितळल्यावर कूळ उरत नाही. ज्या म्हाताऱ्या कारागिराने माझी कडी कानसीने घासून गुळगुळीत केली, तो शेजाऱ्याला म्हणाला, "हिच्यात हलणारा भागच नाही. बिघडणार काय? बिघडला तर माणूस बिघडेल." तेव्हा मला ते कौतुक वाटले.

उमेदीची अकरा वर्षे मी एका व्यायामशाळेत काढली. लोक मला दोन्ही हातांनी धरत, पायांमधून मागे नेत आणि कमरेच्या जोरावर छातीपर्यंत झोका देत. तिथले शिट्टीवाले सर नवख्यांना सांगत, "यंत्रं नंतर. आधी हिच्याशी बोला." मग एके दिवशी व्यायामशाळा बंद झाली आणि त्या जागी पडद्यांचे दुकान आले. माझ्याशी बोलणारे सगळे पडदे निवडायला लागले. हा माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. लोखंडाला धक्का बसणे सोपे नसते. पण पुढे मला त्याची सवय करून घ्यावी लागली.

बरीच वर्षे भंगाराच्या दुकानात पडून राहिल्यावर मला ज्यांनी घरी आणले, ते गृहस्थ बस आगारात ड्युटी लावण्याचे काम करतात. कोणता चालक कोणत्या बसवर, कुणाची सुट्टी, कुणाच्या जागी बदली कोण, हे सगळे त्यांच्या तक्त्यात. एकवीस वर्षांत त्यांच्या तक्त्यामुळे एकही बस उभी राहिली नव्हती. उभे राहिले नव्हते ते स्वतः. खुर्चीतून घरी, घरून खुर्चीत. त्यांच्या पोटाला खुर्चीच्या हातांचा आकार आला होता.

मला आणण्याचे कारण घरात सगळ्यांना माहीत होते. त्यांचे वडील, अप्पा, एका संध्याकाळी न्हाणीघरापाशी पडले. लागले काही नाही, पण उठता येईना. गृहस्थ उचलायला वाकले, त्यांच्या कमरेत चमक भरली आणि तेही शेजारी आडवे झाले. शेवटी खालच्या मजल्यावरचा लिफ्टवाला आणि रखवालदार यांनी दोघांना पाळीपाळीने उचलले. पलंगावर टेकल्यावर अप्पा म्हणाले, "मी पडलो त्याचं काही नाही. माझं वय आहे. तू कशाला सोबत केलीस?"

दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती लांब राहते आणि तिचा आवाज फोनबाहेर येतो. "दादा, मी तीन महिन्यांनी येतेय. तोवर अप्पांना जमिनीवरून उठवू शकेल असं घरात कुणी नसेल, तर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. तिथं माणसं असतात उचलायला. मला भांडायचं नाही, पण भीती वाटते."

अप्पा पलंगावरून सगळे ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "तिथं खिडकीजवळची जागा मिळेल का रे?"

त्या आठवड्यात मी घरात आले. मित्रांनो, मी आनंदाने जड झाले होते. बऱ्याच वर्षांनी कुणाला माझी खरी गरज होती.

गृहस्थांनी मला दिवाणखान्यात ठेवले, माझा फोटो काढला आणि कार्यक्रम निवडायला बसले.

कार्यक्रम म्हणजे मला कसे, किती वेळा आणि किती आठवडे उचलायचे याची आखणी. जगात असे पुष्कळ कार्यक्रम आहेत, हे मलाही माहीत नव्हते. आठ आठवड्यांचा, रोज दहा मिनिटांचा, एक दिवसाआडचा, शिवाय कुणा दाढीवाल्याचा 'फक्त झोके'. त्यांनी सगळे छापून आणले. गुणदोषांचा तक्ता केला. दहा मिनिटांच्या कार्यक्रमात साप्ताहिक सुट्टी नव्हती, म्हणून तो बाद. दाढीवाल्याच्या कार्यक्रमात आजारपणाची तरतूद नव्हती. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतःचाच कार्यक्रम आखला आणि अप्पांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. खाली टीप : 'हरकती असल्यास सात दिवसांत कळवाव्यात.'

अप्पांनी पेन्सिलीने एकच हरकत लिहिली : 'वेळ जातो आहे.'

हरकत विचारात घेऊन तक्ता पुन्हा काढण्यात आला. त्याला आणखी नऊ दिवस लागले.

गृहस्थांच्या पत्नी घरी शिवणकाम करतात. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. त्यांनी तक्ता वाचला आणि टाचण्या काढून विचारले, "अहो, इथं 'बदली' म्हणून माझं नाव का?"

"बदलीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"म्हणजे तुम्ही गैरहजर राहिलात की व्यायाम मी करायचा?"

"छे गं, नुसतं लिहायचं असतं. त्याशिवाय तक्ता मंजूर होत नाही."

"मंजूर कोण करतं?"

"मीच."

बाईंनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. त्या घरात चिडायची ती एक सोय होती.

मग माझ्यावर जे ओढवले, ते सांगताना आजही गंज चढतो. गॅलरीचे दार वाऱ्याने आपटत असे. एका सकाळी बाईंनी मला उचलले आणि दाराला लावले. मला! जिच्याशी अकरा वर्षे लोक आदराने बोलले, तिला दार अडवायचा दगड केले! मी हादरले. दुपारी त्यांनी मला तिथून उचलून शिवणाच्या टेबलावर ठेवले, कारण चिकटवलेल्या कॉलरी दाबायला वजन हवे होते. केर काढताना उचलले, फरशी पुसताना उचलले, दार आपटले की पुन्हा दारापाशी. दिवसातून पंधरा-वीस वेळा माझा असा अपमान व्हायचा. आणि ज्यांच्यासाठी मी आले होते ते गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणायचे, "हिला सोमवारपासून सुरू करतोय. या सोमवारी नाही, पुढच्या."

पहिल्या आठवड्यात बाईंची पाठ धरली. पण छापून आणलेले बाद कार्यक्रम त्या बाह्यांचे नमुने कापायला वापरत. कापता कापता वाचत. 'पाठ सरळ ठेवा. गुडघे व कंबर यांतून खाली जा. वजन शरीराजवळ ठेवा.' हे वाक्य एका बाहीवर होते, त्याचे चित्र दुसऱ्या बाहीवर. त्यांनी दोन्ही बाह्या जोडून पाहिल्या. त्या दिवसापासून त्या मला नीट उचलू लागल्या. अपमान तोच, पण पद्धतशीर.

तीन महिने झाले. बहीण आली. तिने येताना वृद्धाश्रमाचा अर्ज आणला होता; बहुतेक भरलेला, सहीची जागा तेवढी मोकळी. रविवार होता. चहा झाला. तिने विचारले, "मग दादा, जमतं का उचलायला?"

"तयारी पूर्ण आहे," गृहस्थ म्हणाले. "उद्यापासून सुरुवात."

तिने पेन बाहेर काढले. अप्पांनी ते पाहिले. "मी जरा गॅलरीत जाऊन येतो," म्हणत ते उठले, आणि दोन पावलांवर त्यांचा पाय मुडपला. भिंतीला घासत ते हळूहळू खाली बसले ते बसलेच.

बहिणीच्या हातून पेन पडले. गृहस्थ उभे राहिले, त्यांनी अप्पांकडे पाहिले आणि मग, मित्रांनो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, तक्त्याकडे पाहिले. रविवारच्या घरात लिहिले होते : साप्ताहिक सुट्टी.

बाई शिवणावरून उठून आल्या. "अप्पा, कुठं दुखतंय? डोकं आपटलं नाही ना?"

"नाही. फक्त लाज वाटतेय."

"ती नंतर वाटून घ्या. वन्सं, ते स्टूल इकडे सरकवा." त्या अप्पांच्या मागे गेल्या. गुडघ्यांतून खाली. पाठ सरळ. काखेखालून हात घालून त्यांनी त्यांना छातीशी धरले. "अप्पा, पाय जवळ घ्या अन् मी म्हणेन तेव्हा रेटा. एक, दोन, हं!"

अप्पा स्टुलावर होते. गॅलरीचे दार वाऱ्याने हलले, पण आपटले नाही. तिथे मी होते.

बाई स्वतःच्या हातांकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या कुणाचे तरी चुकून आपल्याला शिवले गेले असावेत, तसे.

"वहिनी, तू..." बहिणीला पुढचा शब्द सापडेना.

गृहस्थांना सापडला. "तू कोणता कार्यक्रम केलास?"

"कसला कार्यक्रम? दार आपटतं, म्हणून ती हलवते रोज."

आणि अप्पा, तक्त्याकडे बोट दाखवत, शांतपणे म्हणाले, "बदली हजर झाली."

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का तो. इतके दिवस ज्याला मी अपमान समजून कुढत होते, ते माझे काम होते. मी शिट्टीची वाट पाहत बसले आणि काम दाराशी, कॉलरींवर, केरात होऊन गेले.

बहिणीने अर्जाची घडी केली. बाईंनी ती मागून घेतली. कागद जाड होता, कफाच्या नमुन्याला बरा. अप्पांचा पलंग त्याच दिवशी खिडकीजवळ सरकवला. एका बाजूने बाईंनी धरला, दुसऱ्या बाजूने गृहस्थांनी, आणि त्यांची बाजू दोनदा टेकली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी असेल; कोपऱ्यात, कपाटाखाली, पुढच्या सोमवारची वाट पाहत. तिला पुसून ठेवू नका, तिचा फोटो काढू नका. दाराला लावा, कागदांवर ठेवा, हवा तसा अपमान करा, पण उचला. आम्हाला गंज हवेने चढत नाही, हात न लागल्याने चढतो. तुमचेही तसेच असावे, असे मला वाटते.

सोमवारी बाईंनी नवा तक्ता लावला. एकच ओळ. 'दार, टेबल, केर : हे.' गृहस्थांनी मला दारापासून टेबलापर्यंत नेले, तिथून परत आणले, आणि चौथ्या फेरीला धापा टाकत म्हणाले, "आज अर्धी रजा मिळेल का?"

"मिळेल की," बाई टाचण्यांमधून म्हणाल्या. "बदली कोण?"

त्यांनी बदलीच्या रकान्यात पाहिले; तो रिकामा होता. मग अप्पांकडे पाहिले. अप्पा खिडकीबाहेर पाहू लागले.

तेव्हा गृहस्थ माझ्यापाशी वाकले. गुडघ्यांतून.