पुतळाबाईंचा डबा

मनाच्या आजारातून सावरणाऱ्यांना प्रांजली काही महिने घरी जाऊन भेटे. मग नियमाप्रमाणे भेटी बंद. बोर्लीच्या पुतळाबाई आता बाजारापर्यंत जाऊ लागल्या होत्या, पण एकटीनं एसटीत चढायचं नाव काढत नव्हत्या. शेवटच्या भेटीत त्यांनी प्रांजलीच्या हातात सुकटीच्या चटणीचा डबा कोंबला.

चटणी चाटूनपुसून संपली. आता डबा रिकामा पाठवायचा नसतो, आणि भरून न्यावा तर जायला बंदी! नियम करणाऱ्या शहाण्यांनी डब्याचा विचारच केला नव्हता. प्रांजली नुसती चरफडत राहिली.

एका सकाळी श्रीवर्धनच्या ऑफिसात पुतळाबाई हजर.

"काकी, एसटीनं? एकट्या?"

"मंग? बंदी तुला हाय, मला न्हाय. डबा आण. आन रिकामा दिलास तर बघ!"