मला उलटा म्हणणाऱ्या म्हस्कूस

मित्रांनो, मी एक जुना डिरेलर आहे. सायकलच्या मागच्या चाकापाशी लटकून चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो, तो. न्हावरे गावात मात्र माझं नाव 'उलटा' असं पडलं आहे. ते ज्यानं ठेवलं, त्या म्हस्कू मेकॅनिकचं दुकान डेअरीसमोर आहे. आज मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म जपानातला. माझ्या भाऊबंदांची स्प्रिंग चेनला लहान चकतीकडे, म्हणजे जड गियरला ओढते. माझी स्प्रिंग तिला मोठ्या चकतीकडे, हलक्या गियरला नेते. हँडलवरच्या खटक्यापासून माझ्यापर्यंत एक वायर येते; खटका ओढला की मी जड, सोडला की हलका. यात उलटं काय आहे? समुद्रातून येताना एका देवमाशानं मला चावून पाहिलं होतं. त्यालाही मी सरळच लागलो.

सणसवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या एका इंजिनिअरची सायकल गिताबाईंनी घेतली, वस्तीवरचं दूध डेअरीला घालायला. म्हस्कूनं माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांना शिकवलं, "मावशी, चढ आला की खटका वढायचा. समद्या गियरच्या सायकली तशाच."

ओढ्याच्या चढावर गिताबाईंनी खटका ओढला. मी इमानानं जड झालो. सायकल जागच्या जागी थांबली, आडवी झाली, आणि दूध ओढ्यात गेलं. त्या दिवशी खालच्या अंगाच्या मासोळ्यांना साय आली होती, हे मी शपथेवर सांगतो.

आणि शिव्या कोणाला? मला. "बिघाड याच्यातच हाय," म्हस्कू म्हणाला. "उलट्या डोक्याचा हाय. शिरूरला सुटा भाग मिळंना, दौंडला बी न्हाई. काढून भंगारात टाकू."

"संध्याकाळचं दूध घालते, मग काढ," गिताबाई म्हणाल्या. "सकाळचं गेलं. आता हेबी टँकरला चुकलं, तर रातभर नासंल."

त्या संध्याकाळी ओढ्याशी येता येता माझी वायर तुटली. दुसरा कोणी असता तर चेन लहान चकतीवर टाकून मोकळा झाला असता. मग भरल्या किटल्या घेऊन चढ चढून दाखवावा कोणी. मी मात्र स्प्रिंग आवळली, चेन मोठ्या चकतीवर चढवली. गिताबाई न उतरता वर आल्या.

अवगुण माझ्यातही आहेत, मी कुठं नाही म्हणतो? पुढची वाट सपाट, आणि मी हलक्या गियरलाच अडकलेला. बाईंचे पाय गरागरा फिरत होते, पण सायकल मुंगीच्या चालीनं. एक म्हैस रवंथ करत आम्हाला मागं टाकून गेली. त्या पायांनी अशी वावटळ उठवली की बांधावरची टिटवी तिच्यात गरगरत गेली आणि दौंडच्या स्टेशनावर उतरली. पण टँकरवाला पाइप गुंडाळत असतानाच आम्ही पोचलो. दूध टँकरमध्ये गेलं.

डेअरीवर सगळ्यांनी कौतुक केलं ते बाईंच्या पायांचं. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. म्हस्कू तेवढा पान्हा घेऊन आला आणि लोंबणारी वायर धरून उकिडवा बसला.

"वायर तुटली आन् चेन मोठीवर? मावशी, ही बारकीवर पडाया पायजे व्हती."

"न्हाई पडली."

"मग काढू का याला?"

गिताबाईंनी रिकाम्या किटल्या आवरणाऱ्या नवऱ्याकडे, सोपानरावांकडे पाहिलं. "आमचं बी असंच हाय. वढलं की जड हुतंय, सोडलं की हलकं. तीस वर्सं झाली, त्यास्नी काढलं का म्या?"

"आता मला कशाला मधी घेता?" सोपानराव म्हणाले.

म्हस्कूनं नवी वायर घातली. माफी मात्र मागितली नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्या सायकलला असेल तर त्याची वायर साफ ठेवा. धूळ बसली की स्प्रिंग बिचारी एकटी काय करणार? चढावर खटका सोडाल तेव्हा घटकाभर पाय ढिले करा. तुम्ही दाबत राहिलात तर चेन माझ्याच्यानं वर चढत नाही. आणि कोणाला उलटा म्हणायच्या आधी एवढं बघा, की वायर तुटल्यावर तो तुम्हाला चढाखाली टाकून देतो, की वर आणतो.