पुराच्या सालचे पाच जण

सुरतच्या पर्वत पाटिया भागात मंडळाच्या नव्या खोल्या तीस आणि अर्ज चारशे बारा. सुरतेत जो आधी आला त्याला आधी खोली, असं खानदेशी मंडळाने ठरवलं होतं. शहाण्णव साली मंडळात नवाकोरा कॉम्प्युटर आला आणि तो चालवणारी होती कापडाच्या लूमवर राबणाऱ्या चिंधाआप्पांची मुलगी धनश्री. तिने एकेक अर्ज आत भरला, आल्याच्या सालाप्रमाणे क्रम लावायचा हुकूम दिला. आप्पा सत्ताविसावे निघाले. पोरगी मनातून हरखली.

यादी संध्याकाळी पाचला फळ्यावर लागणार होती. तीनलाच अर्ज केलेल्या म्हाताऱ्या भागीरथीबाई आपला नंबर विचारायला आल्या.

"चारशे बारा?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तापीले मोठा पूर उना, तवय मी आठे सुरतमाच व्हतू."

धनश्रीने त्यांचा अर्ज पडद्यावर उघडला. सालाच्या रकान्यात फक्त आकडे बसायचे. 'पुराच्या साली आलो' असं सांगणाऱ्यांचं वाक्य तिने शेऱ्यात टाकलं होतं आणि साल कोरं सोडलं होतं. पूर कोणत्या साली आला ते तिला ठाऊक नव्हतं, आणि कॉम्प्युटर शिकल्याच्या तोऱ्यात कुणाला विचारायला तिला कमीपणा वाटला होता! कोऱ्या सालाचे अर्ज यंत्राने मुकाट्याने तळाशी ढकलले.

"ऱ्हावू दे आते," मंडळाचे सेक्रेटरी वाल्मिकभाऊ म्हणाले. "कॉम्प्युटर खोटं थोडंच बोलस?"

"तो नाही, भाऊ, मी चुकनू. पूर कोणत्या सालचा?"

"अडुसष्ट," ते कुरकुरत म्हणाले.

तिने शेऱ्यात 'पूर' शोधला. पाच अर्ज निघाले. पाचांतही अडुसष्ट भरलं आणि मग बोट थबकलं. पाच जण वर चढणार म्हणजे आप्पा बत्तिसावे, तीस खोल्यांच्या बाहेर. घरी एका खोलीत सहा माणसं पाय दुमडून झोपत होती. तिला रडू आलं. पण चूक आपली, तर निस्तरायचीही आपणच. तिने डोळे पुसले आणि पुन्हा क्रम लावला.

पाचला आप्पा फळ्यापाशी आले. "मन्हा कितवा?"

"बत्तीसवा, आप्पा. मीच तुम्हना नंबर खाले करा." तिने सगळं सांगितलं.

आप्पांनी यादीत वर भागीरथीबाईंचं नाव शोधलं.

"मी सुरतले उनू, तवय पहिली भाकर तिन्हाच घर खादी व्हती," ते म्हणाले. "मन्हा नंबर तिन्हा मांगेच पाहिजे."